एक रुपया टाकला की पुढं जातं
धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय विश्वस्त मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व धर्मादाय रुग्णालये

विषय : निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांच्या राखीव खाटा आणि त्यांच्या वाटेतलं बिलिंग काउंटर

महोदय, महोदया,

तुमच्यापैकी एका रुग्णालयात मी २४ वर्षं बिलिंगला होते. कोणत्या, ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे सगळे ‘आपल्याकडे असलं काही नसतं’ म्हणून पत्र बाजूला ठेवतील, आणि मला कुणा एकाशी भांडायचं नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गुडघे गेलेत, आकडे मात्र अजून पाठ आहेत.

गेल्या पावसाळ्यातला शनिवार. संध्याकाळी सातला आमच्या सोसायटीचे जिने झाडणाऱ्या मावशींचा फोन आला. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, सेंट्रिंगच्या कामावर जातात. दुसऱ्या स्लॅबवरून घसरून खाली आले होते, पोटावर फळीचा मार बसला होता. साइटवरच्या मुकादमाने रिक्षात घालून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात आणून सोडलं आणि ‘एटीएमवरून आलोच’ म्हणून जो गेला, तो गेलाच. हे हॉस्पिटल माझं जुनं नव्हे, दुसरं. धर्मादायच.

मी पोचले तेव्हा कॅज्युअल्टीत उपचार सुरू झाले होते. सलाईन लागलं होतं, सोनोग्राफीत पोटात रक्त साचलेलं दिसत होतं. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तो दोनदा बाहेर येऊन काउंटरवर विचारून गेला, “अॅडमिशन झालं का? ओटीला (ऑपरेशन थिएटरला) कळवायचंय.” गाडं अडलं होतं ते माझ्या खुर्चीपाशी. म्हणजे मी जशा खुर्चीत २४ वर्षं बसले, तशा खुर्चीपाशी.

“डिपॉझिट पन्नास हजार,” तिथली मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, पिवळं रेशनकार्ड आहे, निर्धन योजनेत घे.

“स्कीमचे बेड फुल आहेत. आणि कार्ड जालन्याचं आहे. इथल्या तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल.”

शनिवारी संध्याकाळी साडेसातला तहसीलदारांचा दाखला. मावशींनी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रुमाल, त्यावर आणखी एक पिशवी, असं बांधून आणलं होतं. ते त्या तसंच पुढे धरून उभ्या होत्या.

मी म्हटलं, “बाळ, इमर्जन्सीला डिपॉझिट मागता येत नाही.”

“मॅडम, मी कुठे मागतेय? सिस्टिम मागते. डिपॉझिटचा आकडा टाकल्याशिवाय आयपी नंबर जनरेटच होत नाही.”

आयपी नंबर म्हणजे दाखल झालेल्या पेशंटचा नंबर. ती खोटं बोलत नव्हती, पण सगळं खरंही सांगत नव्हती. कारण स्क्रीन माझ्या ओळखीची होती. सॉफ्टवेअर तेच, रंगही तोच. त्या रकान्यात एक रुपया टाकला की पुढं जातं.

बिलिंगला काम केलेल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक असतं. ट्रस्टींच्या मेहुण्यांना कळ आली, नगरसेवकाची चिठ्ठी आली, ‘साहेबांचा माणूस आहे, जरा बघा’ असा फोन आला, की आम्ही रकान्यात ‘१’ टाकायचो. यंत्राचं समाधान व्हायचं, पेशंट वर जायचा. मीही असे रुपये टाकलेत, मोजले नाहीत एवढे. मी त्या मुलीला हळूच म्हटलं, “एक रुपया टाक.” ती दचकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “ते फक्त ट्रस्ट ऑफिसचा फोन आला तरच.” ट्रस्ट ऑफिस शनिवारी दुपारी दोनला बंद झालेलं.

शेवटी मी माझं कार्ड दिलं. आठ वाजून दहा मिनिटांनी आयपी नंबर पडला, नऊच्या सुमारास ते ओटीत गेले. प्लीहा काढावी लागली. माणूस वाचला.

सोमवारी आम्ही योजनेचा अर्ज घेऊन गेलो. अर्ज हातातसुद्धा न घेता उत्तर मिळालं, “डिपॉझिट भरलंय ना? म्हणजे ऐपत आहे.” मी म्हटलं, पैसे माझे आहेत. “रेकॉर्डला पेशंटच्या नावावर आहेत.” लेखी द्या म्हटलं, तर लेखी देण्याची पद्धत नाही. ते रुग्णालय सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत नाही, म्हणून तीही वाट बंद. अकरा दिवसांचं बिल २ लाख ६१ हजार. मावशींचं गळ्यातलं गेलं, मुलाने ठेकेदाराकडून उचल घेतली, थोडं सोसायटीने दिलं. डिस्चार्जच्या दिवशी लिफ्टशेजारचा फलक वाचला : निर्धन रुग्णांसाठी खाटा ३०, रिक्त ११. खाली तारीख होती त्याच शनिवारची. नंतर कुणी बदललीच नव्हती.

त्यानंतर व्यवस्थापनाला तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. म्हणून हे चौथं, आणि उघड.

आता जरा हिशेबाचं बोलू, ते मला बोलण्यापेक्षा बरं जमतं.

तुमच्या दर्शनी भागात ‘सेवा’, ‘करुणा’ असे शब्द पितळी अक्षरांत असतात. त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांचा प्रामाणिक समज झालेला दिसतो की राखीव खाट हा तुमचा दानधर्म आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात ‘४१ क क’ हे कलम आहे. त्याच्या आधारे २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने योजना घालून दिली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. आणि बाकीच्या सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलातले २ टक्के, काहीही वजा न करता, निर्धन रुग्ण निधीत, ज्याला आपण आयपीएफ म्हणतो, जमा करायचे. ट्रस्ट म्हणून तुम्हाला प्राप्तिकरात सूट मिळते, काहींना सरकारी जमीन नाममात्र दराने मिळाली, काहींना वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळाली. त्याच्या बदल्यातलं हे देणं आहे. आणि निधी भरतो कोण? पैसे भरून उपचार घेणारा पेशंट. महिन्याचं बिलिंग १० कोटी असेल तर २० लाख या खात्यात जातात. त्यात विश्वस्तांच्या खिशातला रुपया नसतो. असला तर तो तुम्ही वेगळा दिलेला, आणि त्याबद्दल तुम्हाला नमस्कार.

मावशींच्या बिलाचे २ टक्के काढले मी. ५,२२० रुपये. त्यांना निर्धन मानायला नकार मिळाला, म्हणजे त्या ‘बाकीच्या रुग्णां’त धरल्या गेल्या. गळ्यातलं विकून भरलेल्या पैशातून मावशींच्या नावे निर्धनांच्या निधीत ५,२२० रुपये जमा झाले. पावती मात्र त्यांना कुणी दिली नाही.

माझ्या तक्रारी सांगते.

पहिली अर्थात डिपॉझिटची. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, त्याची प्रकृती स्थिर करायची, डिपॉझिट मागायचं नाही, हे २००६ च्या योजनेतच लिहिलेलं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीकडे १० लाख मागितल्याच्या आरोपावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा हेच पुन्हा नव्याने सांगावं लागलं. मग काय बदललं? मावशींच्या पावतीवर ‘डिपॉझिट’ हा शब्दच नाही, ‘अॅडव्हान्स’ आहे. शब्द बदलला, रकाना तसाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बंगालमधल्या एका शेतमजुराच्या खटल्यात निकाल दिला होता. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. कारण ‘खाट नाही’. वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. ती रुग्णालयं सरकारी होती, तुम्ही नाही, हे मला समजतं. पण ‘खाट नाही’ हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा म्हटलंय की तो निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा पोटात गोळा आला.

एक बाई आठवते. वर्ष नक्की सांगता येणार नाही, २०१४ असावं. कडेवर तापाने फणफणलेलं मूल, सोबत सासू. रात्री अकरा. मी वर न बघताच म्हटलं, “स्कीमचे बेड फुल आहेत, ससूनला जा.” खाटा रिकाम्या होत्या, मला माहीत होतं. पण रात्री योजनेचा पेशंट घेतला की सकाळी ‘कुणाला विचारून घेतला?’ म्हणून मला उभं केलं जाई. ती म्हणाली, “बरं ताई.” भांडली नाही, रडली नाही. तो ‘बरं ताई’ मला अजून ऐकू येतो. त्या मुलाचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

म्हणून काउंटरवरच्या मुलीला व्हिलन ठरवायला मी तयार नाही. तिचा पगार किती असतो, मी जाणून आहे. पाच वर्षं काम केलं तरी ती कॉन्ट्रॅक्टवरच असते, आणि तिच्या स्वतःच्या घरात पिवळं नाहीतर केशरी कार्डच असतं. तुम्ही धोरण वर ठरवता आणि ‘नाही’ म्हणायला तिला पुढे बसवता.

दुसरी तक्रार कागदांची. तहसीलदारांचा दाखला, रेशनकार्ड, दारिद्र्यरेषेचं कार्ड यांपैकी काहीही चालतं. ‘यांपैकी’. आम्ही ते ‘आणि’ करून टाकलं. त्यात ‘पत्ता इथलाच हवा’ हे भरीला. बांधकामावरचा माणूस आज इथं, उद्या भोसरीला, परवा हिंजवडीला. त्याचं कार्ड गावाकडचंच असणार. निर्धन गटाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आहे, दुर्बल गटाची ३ लाख ६० हजार. म्हणजे महिना १५ हजार आणि ३० हजार. या आकड्यांत या शहरातले किती लोक बसतात, ते तुमच्याच वॉर्डातल्या मावशी आणि मामांना विचारा. त्यातले बरेच जण स्वतः बसतील.

तिसरी, मार्च महिना. ही गोष्ट बाहेर फार कुणाला माहीत नसते. वर्षभर ‘फुल’ असलेल्या खाटा फेब्रुवारीच्या शेवटी अचानक मोकळ्या होतात, कारण अहवालात आकडा दाखवायचा असतो. मग मोतीबिंदूची शिबिरं भरतात. गावोगावच्या म्हाताऱ्यांना बसने आणतात, एक दिवस ठेवतात, हिरवी पट्टी लावून परत पाठवतात. मोतीबिंदू काढणं वाईट आहे का? मुळीच नाही, माझ्या आईचाही शिबिरातच निघाला. पण खर्च कमी आणि संख्या जास्त, म्हणून तो बरा पडतो. पोटात रक्तस्राव झालेला सेंट्रिंगवाला महाग पडतो. कागदावर दोघेही ‘एक निर्धन रुग्ण’. आमच्याकडे त्या रकान्यात कर्मचाऱ्यांचे नातेवाईकही बसायचे. माझी वन्सं बसली होती. लपवत नाही.

चौथी : पेशंटला सांगतच नाही कुणी. नावाआधी ‘धर्मादाय’ लिहा, हे सरकारला आदेश काढून सांगावं लागलं. मी पाहिलेल्या एका ठिकाणी तो शब्द आहे, कुंडीतल्या मनी प्लँटच्या मागे. वैद्यकीय समाजसेवक तळघरात बसतात, दहा ते पाच. अपघात, बाळंतपणं आणि हार्ट अटॅक काही दहा ते पाच येत नाहीत.

औषधांबद्दल थोडक्यात. निर्धन रुग्णाच्या बिलात औषधं आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीच्या दराने लावायची असतात. प्रत्यक्षात चिठ्ठी खालच्या मेडिकलची मिळते आणि तिथे छापील किंमत. पुढचं तुम्ही जाणता.

आणि तो ‘फ्री पेशंट’ हा शब्द. “बारा नंबरचा फ्री आहे, त्याला नंतर घ्या,” हे व्हरांड्यात, त्याच्या बायकोसमोर मोठ्याने. एवढं तरी थांबवायला निधी लागत नाही.

तुमचीही बाजू आहे. मी वह्या सांभाळल्यात, त्यामुळे ती मला थोडी कळते. निधी खरंच अपुरा पडतो. आयसीयूत महिनाभर राहिलेला एकच पेशंट महिन्याचा निधी खाऊन टाकतो. ज्यांचं बिलिंगच कमी, अशा तालुक्याच्या लहान ट्रस्टांचे २ टक्के म्हणजे काय असणार? सरकार स्वतःची जबाबदारी ढकलतं, हेही खरं. आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करू, असं २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलंय. २०२१-२२ ला तो १.८४ टक्के होता, आणि देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोक थेट आपल्या खिशातून भरत होते. जिल्हा रुग्णालयं धड चालली असती, तर मावशी तुमच्या दारात आल्याच नसत्या. आणि तुमच्याकडे असेही सर्जन आहेत जे ओटीतून बाहेर पडता पडता “माझी फी काढून टाका हो यातून” म्हणून जातात. एक तर असे होते की मी फी लावलीच कशी म्हणून माझ्यावर ओरडले होते.

पण निधी संपला असेल तर तसं दाखवा. मी तिथं होते तोवर रुग्णाला ‘निधी संपला’ म्हणून कधी वही दाखवल्याचं मला आठवत नाही. ‘बेड फुल’ हेच सांगत आलो. कारण बेड मोजायला कुणी वर येत नाही.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही जिला नवा कायदा लागेल.

सॉफ्टवेअरमधला डिपॉझिटचा रकाना कॅज्युअल्टीतून येणाऱ्या रुग्णासाठी सक्तीचा ठेवू नका. व्हेंडरला एक ईमेल पुरतो. आमच्याकडे जीएसटी आला तेव्हा चार दिवसांत अख्खी स्क्रीन बदलली होती, त्यामुळे ‘टेक्निकली शक्य नाही’ हे मला सांगू नका.

योजनेत घेण्यास नकार द्यायचा असेल तर लेखी द्या : तारीख, वेळ, कारण, त्या क्षणी किती राखीव खाटा रिकाम्या, आणि सही. सही काउंटरच्या मुलीची नको. ड्युटीवरच्या प्रशासकाची.

योजनेचा अर्ज डिस्चार्जपर्यंत कधीही घ्या. डिपॉझिट भरलं हा ऐपतीचा पुरावा मानू नका. अर्ज मंजूर झाला तर भरलेले पैसे परत करा. गरीब माणूस जीव वाचवायला उसने आणतो, हे काय तुम्हाला माहीत नाही?

निर्धन रुग्ण निधीचं खातं दर महिन्याच्या पाच तारखेला दारावर लावा. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, रुग्णसंख्या, अखेरची शिल्लक. पाच आकडे. नावं नकोत. शिबिराचे रुग्ण वेगळ्या ओळीत दाखवा.

रात्रपाळीला आणि सुट्टीच्या दिवशी कॅज्युअल्टीत एक समाजसेवक बसवा, ज्याला कुणाच्याही फोनविना दाखल करून घेण्याचा अधिकार असेल.

आणि एक विनंती, मागणी नव्हे. तुमच्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एकदा, शनिवारी संध्याकाळी सहा ते बारा, बिलिंग काउंटरच्या आत त्या मुलीशेजारी स्टूल टाकून बसावं. ओळख न सांगता. नऊ वाजता कँटीनचा चहा येतो, बरा असतो.

धर्मादाय आयुक्तांनाही सांगणं आहे. तुमच्या संकेतस्थळावर रिकाम्या खाटांचे आकडे दिसतात, ते रुग्णालयांनीच भरलेले असतात. एखाद्या शनिवारी रात्री न कळवता माणूस पाठवून वॉर्डातल्या खाटा मोजा. मग मार्चमध्ये दाखल झालेल्या आणि ऑगस्टमध्ये दाखल झालेल्या निर्धन रुग्णांची तुलना करा. आकडे तुमच्याकडेच आहेत, फक्त शेजारी शेजारी ठेवायचे.

मावशींचे मालक आता जड उचलू शकत नाहीत. सोसायटीत वॉचमन म्हणून लागलेत, रात्रपाळी. ठेकेदाराची उचल फेडायला मुलाला अजून १४ महिने लागतील. माझे पन्नास हजार मावशी दर महिन्याला हजार हजार करून परत देतात. नको म्हटलं तर जिना झाडून वर येतात, दारात नोट ठेवतात आणि जातात.

या पत्राच्या प्रती धर्मादाय आयुक्त आणि राज्याच्या आरोग्य विभागाला स्पीड पोस्टाने रवाना केल्या आहेत. पोचपावत्या फाईलला लावेन.

आपली,
एक निवृत्त बिलिंग क्लार्क,
पुणे